वाफेचं घड्याळ आणि चाचीची कोंबडी

आमच्या घराची मागची भिंत आणि जिनाच्या, म्हणजे कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या, इंजिनघराची भिंत एकच होती. कापसाचा हंगाम सुरू झाला की ती भिंत कोमट व्हायची, आणि मग चार महिने आमचं सगळं घर त्या भिंतीला चिकटून राहायचं. दह्याचं गाडगं तिथं, धाकट्या भावाची लंगोटी तिथंच वाळत, आणि थंडीत आम्ही भावंडं पाठी शेकत तिथंच बसलेलो. भिंतीतून इंजिनाचा धप्, धप् असा आवाज यायचा. माझी माय त्या तालावर जातं ओढायची. इंजिन मधेच थांबलं तर तिचा हातही थांबायचा आणि ती म्हणायची, "काय झालं बाई?" पुन्हा धप् झालं की पुन्हा ज्वारी पडायची. तिला कुणी हे सांगितलं असतं तर तिनं मान्य केलं नसतं, पण आम्ही पोरं रोज बघत होतो.

आबा, म्हणजे माझे वडील, सिरसाळ्याच्या त्या जिनाचे इंजिनमिस्त्री. गावोगावचा कापूस गाड्यांतून यायचा, जिनात त्याची सरकी वेगळी आणि रुई वेगळी व्हायची, आणि हे सगळं फिरवणारं इंजिन एका बॉयलरच्या वाफेवर चालायचं. बॉयलरच्या भट्टीत लाकडं घालायचं काम रहीमचाचाचं. चाचा आबांपेक्षा वयानं थोरले, दाढी मेंदीनं लाल केलेली, आणि त्यांच्या अंगाला कायम धुराचा वास. त्यांचं घर आमच्या घराला लागूनच. दोन्ही घरांत मिळून एक अंगण, आणि अंगणात चाचीच्या कोंबड्या. त्या कोंबड्या सगळ्या जगाच्या मालकीण असल्यासारख्या फिरायच्या.

बॉयलरच्या तोंडावर एक पितळी डबा होता. थाळीएवढा, पुढं काच, आत पांढऱ्या तबकडीवर आकडे आणि एक काळा काटा. आत वाफेचा जोर किती आहे ते तो काटा सांगायचा. गावातले लोक त्याला वाफेचं घड्याळ म्हणत. मी पहिले आकडे शिकले ते त्या तबकडीवर, आणि तेही इंग्रजी. बीडहून आलेल्या एका पाहुण्यानं मला पाटीवर आकडे काढायला सांगितले तर मी शून्य, दहा, वीस, तीस असे काढले आणि ते गोल मांडले. पाहुणा म्हणाला, पोरगी येडी हाय. आबा म्हणाले, न्हाई, पोरगी बॉयलरवर शिकलीय.

त्या वर्षी दिवाळी होऊन आठवडा झाला होता. हंगामाच्या आधी दरवर्षी बॉयलर एकदा तापवून बघायची पद्धत होती. रहीमचाचांनी भट्टी पेटवली, आबा काट्यासमोर उभे राहिले, आणि मी दाराच्या उंबऱ्यावर बसले होते. काटा दहावर आला, वीसवर आला, तिसावर आला. मग तिथंच थांबला. चाचा लाकडं घालत राहिले. काटा हलेना. आबांच्या कपाळावर घाम होता, पण तो उष्णतेचा असेल असं मला वाटलं. आणि एकाएकी बॉयलरच्या डोक्यावरची सेफ्टीची झडप उडाली. ऐंशीच्या वर जोर गेला की ती आपोआप उघडायची आणि जास्तीची वाफ बाहेर सोडायची. असा आवाज झाला की मी उंबऱ्यावरून बाहेर पडले, चाचीच्या कोंबड्या छपरावर गेल्या, आणि सगळं इंजिनघर पांढरं होऊन गेलं.

"चाचा, भट्टी ओढा! लाकडं भाईर काढा!" आबा ओरडले.

धूर आणि वाफ विरल्यावर मी आत डोकावले. काटा अजून तिसावरच होता. आबांनी काचेवर बोटानं टिचकी मारली तर तो टुणकन पंचेचाळिसावर गेला आणि पुन्हा अडकला.

रहीमचाचा म्हणाले, "अरे मिस्त्री, ये काटा सो गया क्या?"

"सोया न्हाई चाचा, झूट बोलतोय," आबा म्हणाले.

जिनाचे मालक तेवढ्यात आलेच. ते गावचे मोठे जमीनदार, अंगानं भरदार, आणि घाईचे. मनानं वाईट नव्हते, पण जिनाबाहेर कापसाच्या गाड्या येऊन उभ्या होत्या आणि गाडीवान रोज वाड्यावर येऊन विचारत होते. त्यांनी सगळं ऐकलं आणि म्हणाले, "मिस्त्री, काटा तीस दाखवतोय म्हणजे तीसच आसंल. झडपच हलकी झाली आसंल. तिच्या दांडीला आजून एक वजन अडकवा आन् करा सुरू."

आबांनी डोक्याचं मुंडासं काढून हातात घेतलं. मालकांपुढं ते कधी मोठ्यानं बोलत नसत. तेव्हाही बोलले नाहीत. एवढंच म्हणाले, "मालक, दोघातलं एक खोटं हाय. कोण खोटं ते कळल्याबिगर मी वजन अडकवणार न्हाई. झडप खरी आसली आन् मी तिचं तोंड बांधलं, तर ह्या भिंतीच्या पलीकडं माझी लेकरं झोपतात."

"मग घड्याळ हैदराबादेला धाडा."

"जाऊन येऊस्तोवर म्हैना."

"म्हैना?" मालक म्हणाले. "चार दिवस देतो. चार दिवसांत न्हाई झालं तर परळीहून दुसरा मिस्त्री आणतो. तो अडकवंल वजन."

आज मी हे लिहिते तेव्हा माझी सून कुकर लावून खुशाल शेजारणीकडे गप्पा मारायला जाते, आणि माझा जीव मात्र त्या शिट्टीकडे लागलेला असतो. घरातले हसतात. हसू देत. झडपेवर वजन अडकवायला निघालेला माणूस मी पाहिला आहे.

भट्टी विझवल्यावर बॉयलर थंड व्हायला पुरा एक दिवस आणि रात्र गेली. तिसऱ्या दिवशी सकाळी आबांनी मला हाक मारली, "काशे, चल." मला वाटलं चाचांना पाणी न्यायचं असेल. पण त्यांनी मला काट्यासमोर उभं केलं आणि विचारलं, "काय दिसतंय?"

"बारा."

"बॉयलरला हात लावून बघ."

थंडगार होता. राखेनंही हात पोळत नव्हता. "मग बारा कावून?" मी विचारलं.

"तेच तर. काटा काय म्हणतो ते कदी खरं धरायचं न्हाई, उघडायच्या येळंला तर न्हाईच. काटा शून्यावर असला तरी आत वाफ आसू शकती, आन् बारावर आसला तरी नसू शकती. आधी तोटीला इचारायचं." असं म्हणून त्यांनी बॉयलरच्या वरच्या अंगाची लहान तोटी उघडली. तोंड बाजूला वळवून, हात लांब करून, हळूहळू. फुस् असं काहीच झालं नाही. मग त्यांनी कोपऱ्यातली चिमूटभर रुई घेतली आणि तोटीच्या तोंडाशी धरली. रुई आत ओढली गेली! मला इतकं हसू आलं. बॉयलर रुई खातोय असं वाटलं. आबा म्हणाले, आतली वाफ निवून पाणी झाली, जागा रिकामी झाली, म्हणून तो बाहेरची हवा ओढतोय. आता उघडायला हरकत नाही.

घड्याळाखाली डुकराच्या शेपटीसारखी वळवलेली एक नळी होती. गरम वाफ थेट घड्याळात जाऊ नये म्हणून त्या वळणात पाणी साठून राहायचं. आबांनी आधी नळीवरची तोटी बंद केली, मग एका पान्यानं खालचा चौकोनी भाग घट्ट धरला आणि दुसऱ्या पान्यानं वरचा नट अर्धा फेरा सैल करून थांबले. काळं पाणी ठिबकलं. ते थांबेपर्यंत आम्हीही थांबलो. "डबा धरून पिळायचा न्हाई," ते म्हणाले. "कान धरून लेकरू उचलल्यागत हुतं. आतली नाजूक नळी वाकडी हुती." मग घड्याळ सुटलं, आणि ते त्यांनी माझ्या दोन्ही हातांवर ठेवलं. धाकट्या भावाला पहिल्यांदा घेतलं होतं तेव्हाही मी इतकी जपून चालले नव्हते.

मायनं अंगण सकाळीच सारवून ठेवलं होतं. धुतलेलं पांढरं धोतर घोंगडीवर अंथरलं, आणि घरात कुणी शिंकायचं नाही असा हुकूम सोडला. दिवाळीच्या पणत्या घासून पुसून अकरा मांडल्या. पहिला निघालेला भाग पहिल्या पणतीत, दुसरा दुसरीत, म्हणजे बसवताना उलट्या क्रमानं जायचं. कोळशानं भिंतीवर प्रत्येक भागाचं चित्रही काढायचं ठरलं. सगळी तयारी झाली. आबांनी काच काढली, बारीक पेचकस घेतला आणि पहिल्या स्क्रूच्या खाचेत टेकवला. तो घसरला. पुन्हा टेकवला, पुन्हा घसरला. तिसऱ्यांदा तबकडीवर ओरखडा उठता उठता राहिला. मी त्यांच्या तोंडाकडं बघितलं. ते स्क्रूकडं बघतच नव्हते, त्याच्या जरा डावीकडं कुठंतरी बघत होते.

"आबा," मी हळूच म्हटलं, "तुमाला दिसत न्हाई का?"

माय चुलीपाशी होती. त्यांनी तिच्याकडं एकदा बघून घेतलं आणि तितक्याच हळू म्हणाले, "लांबचं समदं दिसतं. जवळचं दोन वर्सं झाली धुकं हाय. मालकाला सांगू नको." आणि पेचकस माझ्या हातात दिला. "हात तुझे, डोळे तुझे. डोकं माझं. चल."

मी तेव्हा बारा वर्षांची होते. तोवर माझ्या हातात विळी, झाडणी आणि शेणाची पाटी याशिवाय काही आलं नव्हतं. आबा डोळे मिटून बसले आणि बोलत राहिले. काटा ओढून काढायचा नाही, दोन्ही बाजूंनी बांबूच्या पातळ कामट्या घालून सारखाच उचलायचा. मी उचलला. मग तबकडी. तबकडीखाली मात्र मी कधी कल्पना केली नव्हती असं गाव होतं. वाटोळी वळलेली एक पितळी नळी, जोर आला की जराशी सरळ होणारी. तिला जोडलेली एक लहानशी दांडी. दांडीला दातेरी पंखा. पंख्याच्या दातांत बसलेलं इवलंसं चाक. आणि त्या चाकाभोवती केसाएवढी स्प्रिंग, गोगलगायीसारखी गुंडाळलेली. दात कुठल्या दाताला लागतो तिथं सुईनं आधी खूण कर, आबा म्हणाले, मगच सोडव. स्प्रिंगला बोट लावू नको, घामानं गंज चढतो. मी सगळं तसंच केलं. आणि दातांच्या मधे बघितलं तर रुई! काचेला कडेला चीर गेली होती, तिथून वर्षानुवर्षं रुईचे तंतू आत शिरले होते, तेलात मुरून त्यांचा घोंगडीसारखा काळा नमदा झाला होता. पंखा त्यातच अडकत होता. वळणाच्या नळीत आबांनी सकाळीच काडी घालून बघितली होती, तीही गाळानं बुजलेली.

"सापडलं!" मी ओरडले. माय पिठाच्या हातानं धावत आली. तिलाही मी ते दाखवलं. तिनं वाकून बघितलं आणि म्हणाली, "बाई बाई, ह्येच्यात तर जात्यापरीस लई मळ हाय."

घासलेटात कोंबडीचं पीस बुडवून मी एकेक दात साफ केला. दुपार कलली होती. आबा वळणाची नळी साफ करायला इंजिनघरात गेले आणि जाताना सांगून गेले, "पणत्या सोडून उठायचं न्हाई." मी नाहीच उठणार होते. पण रस्त्यावर दोन गाडीवानांचं बैलावरून भांडण लागलं, आणि एक जण दुसऱ्याला अशी मजेदार शिवी देत होता की ती नीट ऐकायला मी कुडापाशी गेले. परत फिरले तर चाचीची कबरी कोंबडी धोतरावर उभी. सातव्या पणतीत ज्वारीच्या दाण्याएवढा एक पितळी स्क्रू होता. माझ्या डोळ्यांदेखत तिनं मान तिरपी केली, टोच मारली, आणि गिळून मोकळी झाली.

मी किंचाळले ते माजलगावापर्यंत गेलं असेल. माय, आबा, चाचा, चाची, सगळे अंगणात आले. मी रडत होते आणि कोंबडीकडं बोट दाखवत होते. कोंबडी चाचांनी डालग्याखाली झाकली. तो स्क्रू म्हणजे दातेरी पंख्याचा मधला आस. त्याच्याशिवाय काही उभंच राहणार नव्हतं, आणि उद्याचा एकच दिवस उरला होता. आबा मला रागावले नाहीत. ते खाली बसले आणि दोन्ही हातांनी डोकं धरलं. ते मला मारण्यापेक्षा वाईट वाटलं.

चाचा म्हणाले, "सबर करो. सुबह तक निकल जाएगा."

"आन् न्हाई निघाला तर?" माय म्हणाली. ती कोंबडी चाचीची सगळ्यात लाडकी, रोज अंडं देणारी. तिच्याबद्दल दुसऱ्या कुणी तोंड उघडायची सोय नव्हती. चाची डालग्यापाशी उभी होती. तिनं पदर खोचला.

"मुर्गी का क्या है," ती म्हणाली, "और आ जाएगी. बच्ची का काम रुकना नक्को. काशी, मसाला पीस."

आमच्या घरी वशाट चालायचं, पण कोंबडी कापली जायची ती जत्रेला, नाहीतर जावई आल्यावर. त्या दिवशी मी डोळे पुसत पाट्यावर खोबरं, लसूण, तीळ आणि लाल मिरची वाटली. चाचांनी कोंबडी साफ केली आणि तिच्या पोटातली पथरी, म्हणजे दाणे दळायची जाड पिशवी, सुरीनं उघडली. खडे, काचेचा एक तुकडा, ज्वारी, आणि त्या सगळ्यात आमचा स्क्रू. नुसता सापडला नव्हता, त्या खड्यांत घासून तो लग्नातल्या भांड्यासारखा लखलखत होता. आबा आधी हसले. मग चाचा. मग सगळं अंगण हसायला लागलं, आणि चाची तर हसता हसता रडायलाच लागली. म्हणाली, मरता मरता काम कर गई मेरी. ती आमटी मी अजून विसरले नाही. लाल, जाळ, वर तेलाचा तवंग, आणि चुरलेल्या भाकरीवर ओतली की नाकातून पाणी. पुढं मोठ्या शहरांतल्या लग्नांत मी मोठमोठ्या खानसाम्यांच्या हातचं खाल्लं, पण त्या कोंबडीची चव काही वेगळीच होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी घड्याळ बसवलं. अकराव्या पणतीपासून पहिलीपर्यंत. भिंतीवरच्या चित्रांकडं बघत, सुईच्या खुणा जुळवत. पण बसवलं म्हणजे खरं झालं असं नाही, आबा म्हणाले. त्याची साक्ष काढली पाहिजे. त्यांच्या वस्तादानं त्यांना एक गोष्ट शिकवली होती: दीड हात उंच पाणी म्हणजे एक रत्तल जोर, म्हणजे तबकडीवरचा एक आकडा, किंचित कमी. जिनात आग लागली तर म्हणून कॅनव्हासचा एक लांब पाइप ठेवलेला असायचा. आबांनी त्याच्या एका टोकाला घड्याळ बांधलं, पाइप जमिनीवर आडवा ठेवून पाण्यानं काठोकाठ भरला, आणि दुसऱ्या टोकाला बांधलेला दोर धुराड्याच्या माथ्यावरच्या कप्पीवरून खाली आणला. धुराडं साठ हात उंच. दोराला पंधरा-पंधरा हातांवर लाल चिंध्या. पाइपचं टोक जसं वर जाईल तसा खाली पाण्याचा जोर वाढेल, आणि काट्यानं तो बरोबर सांगितला पाहिजे.

दोर ओढायला गाडीवान आले. एवढे दिवस खोळंबलेली माणसं. काही का होईना, करायला मिळालं म्हणून खूष. मालक छत्री घेऊन उभे. आबा धुराड्याच्या लोखंडी पायऱ्यांवरून पाइपच्या बरोबरीनं चढायला लागले, कमरेला पाण्याचा तांब्या, कारण पाइप फुगून पाणी जरा उतरलं की वरून भर घालायची होती. आणि खाली घड्याळापाशी मी.

"पह्यली चिंधी!" वरून आबा.

"दहाच्या रेघंला टेकाया आलाय!" मी.

"दुसरी!"

"इसाच्या जरा आलीकडं!"

गाडीवानांनी मग ताल धरला. होऽ म्हणून ओढायचे, थांबायचे, आणि माझ्याकडं बघायचे. पन्नास-साठ माणसं एका परकरातल्या पोरीच्या तोंडाकडं बघतायत, आणि ती काय म्हणते त्यावर मान हलवतायत! तिसरी चिंधी. एकोणतीस. काटा अडखळत नव्हता, दुधावरच्या सायीवरून बोट फिरावं तसा सरकत होता. शेवटी आबा माथ्यावर पोचले. आभाळात इवलेसे दिसत होते.

"चौथी! बोल काशेऽ!"

"चाळिसाच्या एक रेघ आलीकडंऽ! एकोणचाळीसऽ!"

आबांनी वर मुंडासं हवेत फिरवलं. पाइप खाली उतरवला तेव्हा काटा शून्यावर येऊन गप बसला.

मालक जवळ आले. "मिस्त्री, चाळीसपर्यंत झालं. पुढं?"

"पुढचं झडप सांगंल, मालक. आता दोन साक्षीदार हायत. दोघं एकच बोलले तर खरं."

पाचव्या दिवशी सकाळी भट्टी पेटली. मालकांनी एक दिवस जास्त दिला होता, ते त्या धुराड्याच्या करामतीमुळं असावं. काटा तिसावरून न थांबता गेला. साठ. सत्तर. मी मोठ्यानं वाचत होते, "अठ्ठ्याहत्तर... एकोणऐंशी... ऐंशी!" आणि माझा शब्द तोंडातच असताना झडप उडाली. त्या आवाजाला त्या दिवशी कुणी पळालं नाही. गाडीवानांनी आरोळी दिली, चाचांनी दोन्ही हात वर केले.

मालक म्हणाले, "मिस्त्री, लई झाक. कसं उघडलंत वो एवढं बारीक काम?"

आबा गप्प राहिले असते तर कुणाला काही कळलं नसतं. मी त्यांच्याकडं बघून मान हलवत होते, नका सांगू. पण ते म्हणाले, "मी न्हाई उघडलं मालक. माझी जवळची नजर गेलीय. समदं ह्या पोरीनं केलं."

मला वाटलं, गेली नोकरी. मालकांनी आबांकडं बघितलं, मग घड्याळाकडं, मग माझ्या काळ्या बोटांकडं.

"ज्या माणसानं काटा खोटा म्हणून सांगितला," ते सावकाश म्हणाले, "तो सोताच्या डोळ्याबद्दल तरी खोटं कशाला बोलंल? हैदराबादेहून तुमच्यासाठी चाळिशी मागवतो. ती येस्तोवर ही पोरगी बसू दे काट्यापाशी."

चाळिशी यायला अडीच महिने लागले. तेवढे दिवस मी लाकडी खोक्यावर बसून काटा वाचला. पुढं परळीच्या शाळेत, लग्न होऊन बीडला, कुठं कुठं गेले, कुणाकुणाची शिलाईची यंत्रं आणि भिंतीवरची घड्याळं उघडून बसले. पण बारा वर्षांच्या काशीला जे मिळालं ते नंतर कशात मिळालं नाही. काट्यापाशी बसले त्या पहिल्या दिवशीच दुपारी ते मिळालं. मायनं जेवण पाठवलं होतं. आबा इंजिनघरात नेहमी उभ्यानंच जेवायचे, हातावर भाकरी घेऊन, तोंड बॉयलरकडं. वीस वर्षांत त्यांनी कधी काट्याकडं पाठ केली नव्हती. त्या दुपारी त्यांनी माझ्याकडं एकदा बघितलं, दारात पोतं अंथरलं, बॉयलरकडं पाठ केली, मांडी घातली, आणि बाहेर कापसाच्या गाड्या बघत सावकाश जेवले.